हवा थोडी कमी

चाकात हवा थोडी कमी ठेव, बल्दिरी म्हणतो,
खडीशी भांडायचं नसतं.
मग पंप भिंतीला टेकवून हळूच जोडतो:
डोक्यातलीही.

एकसष्टाव्या वर्षी सायकल घेतली म्हणून
अख्ख्या फोंतसेकात माझीच चर्चा.
रमेय पाव गुंडाळता गुंडाळता विचारते,
"आता कुणाला दाखवायचंय गं, रुझे?"
कुणालाच नाही.
त्या रस्त्यावर बघायला कुणी नसतंच.

पूर आला त्या साली पूल गेला.
सरकारने खालून बोगदा काढला,
गाड्या तिकडून जातात, चार मिनिटांत,
वर मोन्सानचा डोंगर आहे हे न कळता.
वरचा रस्ता कागदावरून खोडला गेला.
डांबर आधी भेगाळलं, मग पापुद्रे सुटले,
मग हिवाळ्यामागून हिवाळे
रोझमेरीच्या मुळांनी ते कुरतडून खाल्लं
आणि खालून वर आली खडी.

माझ्या बापाने फोडलेली.

एर्मेन्गोल, मैलकुली, किलोमीटर अकरा ते सतरा.
टोपीवर पितळी बिल्ला,
पगारापेक्षा जड.
उकिडवा बसायचा, डोळ्यांवर जाळीचा चष्मा,
आणि खडा मोठा वाटला की
अंगठा नि तर्जनीची कडी करून
तीतून पार होतो का बघायचा.
नाही झाला तर पुन्हा हातोडा.
डांबराची गाडी आली तेव्हा मी सात वर्षांची.
त्या रात्री त्याने सूप अर्धं ठेवलं,
एवढंच म्हणाला,
"झाकलं."

पहिला चढ कॅरबच्या झाडांखालून.
काळ्या शेंगा चाकाखाली कुडकुड मोडतात,
गुळाचा, जरासा कुबट वास येतो.
मग दोन्हीकडे चुन्याशिवाय रचलेले बांध,
बांधामागे बदाम, कुणी न झोडपलेले,
गेल्या वर्षीची फळं अजून फांदीला, सुकून काळी.
मागचं चाक घसरतं.
सगळ्यात हलक्या गिअरवर मी दातओठ खात,
इतकी हळू
की एक सरडा दोन वळणं माझ्याशी शर्यत लावतो
आणि जिंकतो.

मागून हॉर्न नाही. पुढून कुणी येत नाही.
आधी ऐकू येतो माझाच श्वास, मग साखळी,
मग भर दुपारचे किरकिरे, सगळे एकदम,
आणि या सगळ्याच्या तळाशी
दगडावर दगड सरकल्याचा आवाज,
जो मी पाळण्यात ऐकला असणार.

चौदाव्या किलोमीटरला आमची चौकी.
छप्पर नाही. चुलीत अंजीर उगवलंय,
मांडवासारखं पसरलंय.
सावलीत एक पोरगा सायकल उलटी करून बसलेला,
टायर फाटलेला, कपाळावर ग्रीस.
रेऊसहून आलोय म्हणाला, नाव निल.
"बाई, असले धारदार दगड कुणी फोडले इथे?
त्याला काही अक्कल होती का?"

मी बापाच्या वतीने माफी मागितली
आणि माझी ट्यूब दिली.
टोमॅटो चोळलेल्या पावाचा अर्धा तुकडाही.
त्याला काही कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

खिंडीतून समुद्र दिसतो,
भूमध्य, एखादी निळी चिंधी वाळत घातल्यासारखा.
दोन घोट पाणी. मग उतार.
उतारावर ब्रेक धरून धरून बोटं बधिर होतात,
हाडं मुळाक्षरं घोकल्यासारखी थडथडतात,
आणि पूल नसलेल्या जागी
सायकल खांद्यावर घेऊन मी ओढा ओलांडते,
बूट गळ्यात.

संध्याकाळी बल्दिरीने चाकाच्या खाचेतून
एक खडा उचकटून माझ्या हातावर ठेवला.
मी अंगठा नि तर्जनीची कडी केली.

पार झाला नाही.

एक तुझ्या नजरेतून सुटला, बाबा.
की माझी बोटंच लहान?